शटडाउननंतर उगवणारा मेमरी फॉल्ट: ११ किलोवॅटच्या पंप ड्राइव्हचे प्रकरण

ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, ११ किलोवॅटचा, ४१५ व्होल्ट तीन फेजवर चालणारा. त्यावर थंड पाणी फिरवणारा सेंट्रिफ्युगल पंप, मोटर २१ अँपिअर, १,४६० आरपीएम. पंप चोवीस तास चालू. आठवड्यातून एकदा देखभालीसाठी पॅनेल साधारण १४ तास बंद. पाइपातला दाब पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) वाचतो, दाबावरून वेग ठरवणारा पीआयडीचा हिशेब पीएलसीतच चालतो आणि निघालेला वेग आरएस-४८५ या संदेशवहनाच्या तारांवरून मॉडबसच्या भाषेत ड्राइव्हला कळवला जातो.

तक्रार अशी: शटडाउन संपवून वीज दिली की कीपॅडवर मेमरीचा फॉल्ट. रिसेट दाबून तो हटत नाही. फॅक्टरी रिसेट केला की जातो, पॅरामीटर पुन्हा भरले की पंप आठवडाभर मुकाट चालतो आणि पुढच्या शटडाउननंतर पुन्हा तेच. मधल्या काळात चार-पाच मिनिटांसाठी वीज गेली तर मात्र काही होत नाही. ही शेवटची गोष्ट नोंदवहीत होती, पण तिच्याकडे कुणी फारसे पाहिले नव्हते. सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच होती.

त्याआधी बरेच उपाय होऊन गेले होते. ‘व्होल्टेज वरखाली होते’ या समजुतीने इनपुटला लाइन चोक बसवला होता. चोक वाईट नाही, हार्मोनिक्स कमी करतो, पण या फॉल्टशी त्याचा संबंध नव्हता. मग कंट्रोल कार्ड, म्हणजे ड्राइव्हमधला प्रोसेसरचा बोर्ड, बदलले. मूळ कार्ड तीन वर्षांहून जास्त चालले होते. नवे सात महिन्यांत त्याच फॉल्टवर आले. तेव्हा ‘सुटे भाग हल्ली असलेच येतात’ असा शेरा पडला. एकाच जागी दोन कार्डे एकाच प्रकारे जातात तेव्हा कार्डाबाहेर बघायला हवे, हे इथे सुटले होते.

ड्राइव्हची मेमरी नेमकी काय करते

कंट्रोल कार्डावर प्रोसेसरजवळ आठ पायांची एक छोटी चिप असते, ईईपीरॉम: वीज गेली तरी माहिती जपणारी मेमरी. या कार्डावर ती २४सी६४ जातीची होती: ८,१९२ बाइट, दोन तारांवर बोलणारी. आपण भरलेले पॅरामीटर, चालू तासांची मोजणी, फॉल्टचा इतिहास, आणि कारखान्यात भरलेली माहिती (ड्राइव्हचा क्षमता-कोड, करंट सेन्सरचे कॅलिब्रेशन) हे सगळे तिच्यात असते. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी त्या ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्यातल्या आकड्यांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, लिहिलेला असतो.

वीज आली की प्रोसेसर ही सगळी माहिती रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, उचलतो, चेकसम पडताळतो आणि मग पुढे सरकतो. एकदा चालू झाल्यावर तो रॅममधलेच आकडे वापरतो. म्हणजे मेमरीची खरी परीक्षा वीज येताना होते. चिप महिनाभर आधी बिघडली असली तरी ड्राइव्ह बंद होत नाही तोवर कुणाला पत्ता लागत नाही. ‘वीज आल्यावर फॉल्ट येतो, म्हणून वीजच दोषी’ ही चूक इथूनच होते.

अशा चिपचे आयुष्य लिहिण्याच्या संख्येवर मोजतात, वाचण्याच्या नाही. जुन्या चिप प्रत्येक जागी १ लाख वेळा लिहिण्याची हमी देतात, अलीकडच्या बहुतेक १० लाखांची. हा आकडा बहुधा २५ अंश सेल्सिअसचा असतो. पॅनेलमध्ये कार्डाशी ५५-६० अंश असतील तर तो कमी धरावा. हमी संपली की चिप त्याच दिवशी मरते असे नाही, कित्येक चिप त्यापुढेही चालतात. मात्र प्रत्येक लिखाणात सेलमधल्या पातळ ऑक्साइडच्या थरातून चार्ज ढकलला जातो आणि थर थोडा थोडा खराब होत जातो. मग सेल लिहून घेते, लगेच वाचले तर बरोबर उत्तरही देते, पण चार्ज धरून ठेवू शकत नाही. काही तासांनी एकाचा शून्य होतो.

आधी सप्लाय निर्दोष ठरवणे

मेमरी फॉल्टचे एक सामान्य कारण म्हणजे वीज जाताना अर्धवट राहिलेले लिखाण. डीसी बसचे (आलेल्या एसीपासून ड्राइव्हच्या आत बनणाऱ्या डीसी पुरवठ्याचे) व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेले की प्रोसेसर उरलेल्या ऊर्जेवर चालू तास, शेवटचा वेग वगैरे घाईने चिपमध्ये ठेवतो. एसएमपीएसच्या (कार्डाला वीज देणाऱ्या आतल्या सप्लायच्या) ५ व्होल्ट बाजूचे कपॅसिटर सुकले असतील तर ५ व्होल्ट लवकर कोसळतात, पान अर्धे लिहिलेले राहते आणि चेकसम चुकतो. म्हणून हे आधी तपासले.

पॅनेल उघडण्यापूर्वी मेन बंद करून कुलूप लावले, १० मिनिटे थांबून डीसी बसच्या धन आणि ऋण टर्मिनलमध्ये मीटर लावला. ४१५ व्होल्टवर हा बस ५८७ व्होल्टपर्यंत भरलेला असतो. चार्जचा दिवा विझला म्हणजे बस रिकामा झाला असे धरू नये, दिवाही जातो. मीटरने पाहायचे, आणि तो १,००० व्होल्ट डीसी मोजणाराच हवा.

दुसरा धोका स्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा. कित्येक लहान-मध्यम ड्राइव्हमध्ये कंट्रोल कार्डाचा शून्य थेट डीसी बसच्या ऋण बाजूला जोडलेला असतो. साध्या प्रोबची अर्थिंगची चिमटी तिथे लावली तर स्कोप, कार्ड आणि कधी कधी हातही जातो. इथे अर्थिंगला न जोडता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोब वापरला.

मापे अशी निघाली. ५ व्होल्टच्या लाइनवर ५.०३ व्होल्ट, रिपल ३५ मिलिव्होल्ट. वीज तोडल्यावर अंडरव्होल्टेजची खूण मिळाल्यापासून ५ व्होल्टची लाइन ४.५ च्या वर ३८० मिलिसेकंद टिकली. या चिपला ३२ बाइटचे एक पान लिहायला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. दहा पाने धरली तरी ५०. म्हणजे वेळ साडेसातपट उरत होता. सप्लाय सुटला.

आवाजाचीही, म्हणजे इलेक्ट्रिकल नॉइजची, शक्यता पाहिली. शेजारच्या कॉन्टॅक्टर कॉइलवर आरसी स्नबर होते, कंट्रोल केबलची शिल्ड ड्राइव्हच्या बाजूला नीट पकडलेली होती. नॉइजने बिघडलेली माहिती कुठल्याही पत्त्यावर सापडते, आणि फॉल्टही कुठल्याही वेळी उगवतो. इथे तो घड्याळ लावल्यासारखा लांब बंदनंतरच येत होता.

मग एक साधी चाचणी. वापरात नसलेला एक पॅरामीटर बदलून ड्राइव्ह १५ मिनिटे बंद ठेवला: डिस्प्ले पूर्ण विझेपर्यंत थांबून, कारण डिस्प्ले जिवंत असताना पुन्हा वीज दिली तर चाचणीला अर्थ नसतो. बदल टिकला, फॉल्ट नाही. १४ तास बंद ठेवला: फॉल्ट आला. चिपला लिहिता येत होते, पण लिहिलेले जपता येत नव्हते. फॉल्टच्या दोन जाती असतात, लिहितानाच अपयश आणि वाचताना चेकसम चुकणे. इथे दुसरी होती, तीही वेळ गेल्यावरच.

चिप काढून वाचली तेव्हा

इथे एक चूक टाळावी लागते. चिप कार्डावर असतानाच प्रोग्रॅमरची क्लिप लावून वाचू नये. प्रोग्रॅमरचे ५ व्होल्ट चिपपुरते राहत नाहीत, ते सगळ्या कार्डाच्या लाइनवर जातात; प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच दोन तारांवर स्वतःही बोलू लागतो. मग वाचलेले खरे कोणते हे ठरत नाही. चिपवरचे कोटिंग खरवडून, भोवतीच्या भागांवर उष्णतारोधक टेप लावून हॉट एअरने ती काढली. पहिल्या पायाची खूण आणि सातवा पाय, म्हणजे राइट प्रोटेक्टचा, कुठे जोडला आहे हे आधी फोटोत घेतले.

चिप पाच वेळा वाचली आणि पाचही फायली एकमेकींशी ताडून पाहिल्या. ८,१८८ बाइट पाचही वेळा तंतोतंत सारखे. चार बाइट मात्र दर वाचनात वेगळे. त्यातले दोन शेजारी-शेजारी, उरलेले दोन त्याच ब्लॉकच्या अगदी शेवटी, जिथे चेकसम असतो.

फाइल सुरक्षित ठेवल्यावर त्याच जुन्या चिपवर सगळीकडे ठरावीक नमुना लिहिला. लगेच वाचला: पूर्ण बरोबर. चिप टेबलावर तशीच ठेवून १४ तासांनी वाचली: नेमके तेच चार बाइट बदललेले. ८,१९२ जागांपैकी फक्त चार थकलेल्या, बाकी नव्यासारख्या. कमकुवत सप्लायने, ओलाव्याने किंवा विजेच्या झटक्याने असे होत नाही. त्या चार जागांवर कोणीतरी सतत लिहीत होते.

चेकसम का झिजला तेही यातून उलगडते. ब्लॉकमधला एक पॅरामीटर बदलला की चेकसमही नव्याने लिहावा लागतो. म्हणून थकलेल्या जागा जोडीने दिसतात, एक पॅरामीटरची आणि एक ब्लॉकच्या शेपटीची. अशी जोडी दिसली तर पुढच्या तपासाचा निम्मा रस्ता आखलेलाच असतो.

लाइनवर कान लावला

आरएस-४८५ च्या लाइनला एक यूएसबी कन्व्हर्टर फक्त ऐकण्यापुरता समांतर जोडला, संगणकावरून काहीही न पाठवता. ९,६०० बॉड, इव्हन पॅरिटी. दहा मिनिटांची नोंद घेतली. वाचनाचे संदेश, फंक्शन ३, शेकड्यांनी होते, ते निरुपद्रवी. त्यांच्यामध्ये फंक्शन ६, म्हणजे एका रजिस्टरवर (आकडा ठेवण्याच्या पत्त्यावर) लेखन, या ड्राइव्हसाठी बरोबर ६० वेळा. दर १० सेकंदांनी एक, नेहमी एकाच पत्त्यावर. लिहिलेले आकडे: ३८४२, मग ३८४५, मग ३८४१. म्हणजे ३८.४२ हर्ट्झ, ३८.४५ हर्ट्झ, ३८.४१ हर्ट्झ. मॅन्युअल उघडून पत्ता पाहिला तर तो वेगाच्या संदर्भाच्या, म्हणजे बाहेरून मागितलेल्या वेगाच्या, रजिस्टरचा नव्हता, ‘कीपॅडवरून दिलेली वारंवारता’ या पॅरामीटरचा होता.

पंप पूर्वी ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलवर चालत असे. नंतर पीएलसीत बदल करून वेग मॉडबसवर आणला गेला. त्या वेळी ड्राइव्हमधला वेगाचा स्रोत ‘कीपॅड’ असा होता. पीएलसीने कीपॅडच्याच पॅरामीटरवर आकडा लिहिला आणि पंप निमूट ऐकू लागला. काम झाले, पुढे कुणी पाहिले नाही. दोष लपून राहिला तो यामुळेच: पंप एकदाही चुकला नाही.

दर १० सेकंदांना एक म्हणजे दिवसाला ८,६४० लेखने. १० लाखांची हमी ११६ दिवसांत संपते. मूळ कार्ड या बदलानंतर पाच महिने, म्हणजे सुमारे १३ लाख लेखनांपर्यंत टिकले. दुसरे सात महिने, सुमारे १८ लाखांपर्यंत. दोन्ही हमीच्या पुढे गेली होती. सुटे भाग वाईट होते हा शेरा उगाच होता, दोघांनीही नेमून दिल्यापेक्षा जास्तच काम केले. मध्यांतर १ सेकंदाचे असते तर हिशेब १२ दिवसांवर आला असता, आणि १ लाखाच्या जुन्या चिपवर २८ तासांवर.

लहान वीजखंडात फॉल्ट का येत नव्हता तेही आता जुळते. पाच मिनिटांत थकलेल्या सेलमधला चार्ज फारसा ओसरत नाही. १४ तासांत ओसरतो.

दुरुस्तीचा क्रम

पीएलसीचा प्रोग्रॅम आधी सुधारला, चिप नंतर बसवली. उलट केले असते तर नवी चिप पहिल्या मिनिटापासून झिजू लागली असती.

वेगाचा स्रोत ‘कम्युनिकेशन’ केला आणि पीएलसीने वेगाच्या संदर्भ रजिस्टरवर लिहायला सुरुवात केली. हे रजिस्टर फक्त रॅममध्ये असते. प्रत्येक ड्राइव्हची रीत इथे निराळी असते. काहींत पॅरामीटरला दोन पत्ते असतात, एक रॅमचा आणि एक कायमचा. काहींत पत्त्याचा सर्वांत वरचा बिट चढवला की लेखन रॅमपुरते राहते. काहींत सगळे लेखन रॅममध्येच होते आणि साठवण्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. मॅन्युअलच्या कम्युनिकेशनच्या प्रकरणात याची एखादी बारीक ओळ असते आणि ती हटकून तळटीपेत सापडते.

स्रोत बदलल्याने दोन गोष्टी नव्याने ठरवाव्या लागल्या. पूर्वी पीएलसी गप्प झाला तरी शेवटचा वेग पॅरामीटरमध्ये असल्याने पंप त्यावर चालत राहायचा. आता लाइन तुटली तर काय? इथे पाणी थांबणे परवडणारे नव्हते, म्हणून ३ सेकंद संदेश न आल्यास ३५ हर्ट्झच्या ठरीव वेगावर जाणे आणि सूचना देणे असे ठेवले. दुसरे, वीज आल्यावर रॅममधला संदर्भ शून्य असतो. पीएलसीने ड्राइव्ह तयार असल्याची खूण पाहून पहिला वेग पाठवला पाहिजे. शिवाय ०.१ हर्ट्झपेक्षा कमी बदल पाठवायचाच नाही, अशी सूट ठेवली. रॅमसाठी ती गरजेची नाही, पण लाइनवरची गर्दी कमी होते.

ऑपरेटरच्या स्क्रीनवरून वेग चढण्याचा वेळही पॅरामीटरमध्ये लिहिला जात होता, दिवसाला सहा वेळा. ते तसेच राहू दिले. वर्षाला २,१९० लेखने होतात आणि १० लाखांच्या चिपला त्याने काही होत नाही. प्रत्येक लेखनामागे धावायचे नसते, टायमरवर आणि प्रत्येक स्कॅनवर (पीएलसीच्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीत) होणारे तेवढे शोधायचे.

नवी चिप तीच क्षमता, तेच व्होल्टेज आणि तशाच पायांची घेतली. कोरी बसवली तर ड्राइव्ह स्वतःला ओळखत नाही: क्षमता-कोड नसतो, करंटचे कॅलिब्रेशन नसते, आणि फॅक्टरी रिसेटने ते परत येत नाही. म्हणून जुन्या चिपची फाइल नव्या चिपवर उतरवली. खराब चार बाइट दुरुस्त करायचा हट्ट धरला नाही, चेकसमची रीत उत्पादकाची खासगी असते. चार बाइट वापरकर्त्याच्या ब्लॉकमधले होते, म्हणून वीज दिल्यावर अपेक्षेप्रमाणे चेकसमचा फॉल्ट आला, फॅक्टरी रिसेटने तो ब्लॉक नव्याने लिहिला गेला आणि कारखान्याचा ब्लॉक शाबूत राहिला. पडताळणी म्हणून कीपॅडवर ड्राइव्हचा रेटेड करंट पाहिला. तो नेमप्लेटवरच्या २५ अँपिअरशी जुळला.

पाय जुळणारी एफरॅम, म्हणजे लिहिण्याने जवळजवळ न झिजणारी मेमरी चिप लावली असती तर लेखनाची मर्यादा व्यवहारात उरली नसती. पण चुकीचा प्रोग्रॅम तसाच ठेवून एफरॅम लावणे म्हणजे गळका नळ न दुरुस्त करता खाली मोठी बादली ठेवणे.

हे सगळे मोटर सोडवून केले. फॅक्टरी रिसेटनंतर ओव्हरलोडची मर्यादा मोटरच्या २१ अँपिअरवरून ड्राइव्हच्या २५ वर गेली होती. आधीच्या घाईघाईच्या रिसेटांमध्ये ती तशीच राहून गेल्याचे जुन्या नोंदीत सापडले, म्हणजे काही आठवडे मोटरला खरे संरक्षण नव्हते. बाहेरच्या फॉल्ट इनपुटचे लॉजिकही रिसेटने उलटले होते. ओव्हरलोड, नेमप्लेटचे आकडे, इनपुटची नेमणूक, सुरू करण्याची आज्ञा कुठून येते आणि मोटरची दिशा, हे पाच भरून झाल्याशिवाय मोटर जोडू नये. मग ऑटो-ट्युनिंग.

सारखेच दिसणारे, पण वेगळे

कार्ड बदलल्यावर लगेच मेमरी फॉल्ट आला तर फर्मवेअरची आवृत्ती किंवा क्षमता-कोड जुळत नसण्याची शक्यता जास्त. एका आवृत्तीच्या कीपॅडमध्ये साठवलेले पॅरामीटर दुसऱ्या आवृत्तीत उतरवले तरी असेच होते. चालू असताना मध्येच प्रोसेसर किंवा वॉचडॉगचा (प्रोसेसर अडकल्यास त्याला पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरचा) फॉल्ट येऊन ड्राइव्ह रीस्टार्ट होत असेल तर ५ व्होल्टची लाइन, नॉइज आणि कार्डाचे कनेक्टर पाहावेत. प्रत्येक वेळी वेगळ्या पॅरामीटरची खराबी आणि जुना ड्राइव्ह असेल तर एसएमपीएसचे कपॅसिटर मोजावेत. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

त्याच लाइनवरचा दुसरा ड्राइव्ह

दुरुस्तीनंतर २४ तास लाइन ऐकली. कायमच्या पॅरामीटरवर गेलेली लेखने सहाच, तीही स्क्रीनवरची. त्यानंतरची दोन शटडाउन फॉल्टशिवाय गेली.

नोंदीत एक गोष्ट मात्र खटकत होती. सुधारणेआधी पीएलसी तोच आकडा राखीव पंपाच्या ड्राइव्हलाही पाठवत होता, तो पंप फिरत असो वा नसो. हा ड्राइव्ह दुसऱ्या फीडरवर, म्हणजे विजेच्या वेगळ्या लाइनवर, होता आणि त्या वर्षात कधी लांब बंद झालाच नव्हता. वर्षभराची लेखने सुमारे ३१ लाख. कीपॅडवर एकही फॉल्ट नाही, सगळे आकडे रॅममध्ये व्यवस्थित. असा ड्राइव्ह ‘तपासायला म्हणून’ बंद करणे सर्वांत महाग पडते. आधी चालू अवस्थेत त्याचे सगळे पॅरामीटर कीपॅडमध्ये आणि संगणकावर उतरवून घेतले, ओव्हरलोड आणि इनपुटचे आकडे वाचून ताडले, नवी चिप हाताशी ठेवली आणि मगच मेन तोडला. १४ तासांनी वीज दिली तेव्हा कीपॅडवर तोच फॉल्ट उभा होता.